एकेचाळीस सेकंद

वाडी नाक्याच्या पुढं, अमरावती रोडला,
गोडाऊनच्या पत्र्याखाली मे महिना उकळतोय.
कूलरची खस सकाळीच वाळून गेली.
खिडकीवर रोशनी उईके मोबाईल नंबर टाकते
आणि पडद्यावरचं चाक फिरत राहतं.
"मॅडम, तुमचं मशीन विचार करून राह्यलं,"
ड्रायव्हर जाळीतून हसतो.
मी घड्याळ लावते. एकेचाळीस सेकंद.

अठ्ठावीस लाख बिल्ट्या.
एका नंबरासाठी डेटाबेस पहिलीपासून सुरू करतो,
एकेक उचलतो, बघतो, जागेवर ठेवतो,
तक्रार नाही, कंटाळा नाही.
चुकत काहीच नाही त्याचं.
वाट कुणी दाखवली नाही, एवढंच.

जरीपटक्यातून झामनानी शेठचा फोन :
"सगळ्यालेच इंडेक्स लावून टाका ना. किटकिट नको."
लावता येईल, शेठ.
पण रात्री अकराला रायपूरच्या गाड्या भरतात,
दीड तासात सहाशे बिल्ट्या चढतात,
आणि प्रत्येक इंडेक्स म्हणजे
तीच बिल्टी आणखी एका वहीत लिहिणं.
माझ्या आधी कुणीतरी नऊ वह्या घालून गेलाय.
पाच तर कुणी उघडलेल्याच दिसत नाहीत.

मी रकाने बघत बसते.
'पोचली का' : हो किंवा नाही.
'हो' विचारलं की अख्खं गोडाऊन उभं राहतं,
तिथं यादी कशाची करणार?
'नाही' मात्र थोड्या आहेत. त्यांच्यापुरती एक, कदाचित. बघू.
'शेरा' : इथं माणसं मनाला येईल ते लिहितात.
डबा ओला. पार्टी गावाले गेली. घेणारा वारला.
'तारीख' कधी एकटी येत नाही, शाखेचं बोट धरूनच येते;
म्हणून शाखा आधी, तारीख मागून.
हे मी एकदा उलटं केलं होतं, लकडगंजच्या एका कामात,
आणि आडनावांनी लावलेल्या यादीत
नुसतं 'प्रभाकर' शोधत बसल्यासारखं झालं होतं.

गुरुवारी चाफले मुनीम येतात. रिटायर होऊन अकरा वर्षं,
तरी चहा इथलाच लागतो.
त्यांच्या काळी एक लाल कापडी वही होती,
फक्त नावं आणि पान नंबर.
सगळ्या पार्ट्या काहून नाही लिहिल्या, मी विचारते.
"जो रोज येते त्याचंच पान हाताशी पायजे.
वर्षातून एकदा येणाऱ्याले बसवा, पाणी पाजा, पानं उलटा."
बशीत फुंकर.
"अन् जो यायचा थांबला त्याचं नाव खोडा.
नाहीतर मग वहीतच शोधत बसा."

मी पाच आठवडे नुसतं मोजलं.
मोबाईल नंबर, एकोणीस हजार वेळा.
गाडी नंबर, तीनशेच्या आत.
त्या पाचांतला एक मार्चअखेरीला जागा झाला,
जीएसटीच्या कागदांपुरता. तो ठेवला.
चार काढले.
रविवारी पहाटे तीनला, एकही गाडी भरत नसताना,
मोबाईल नंबराला इंडेक्स लावला,
आणि तो बांधून होईस्तोवर
गोडाऊनच्या दारात उभं राहून कुत्र्यांना बिस्किटं घातली.

सोमवारी ड्रायव्हरचं वाक्य "मॅडम, तुमचं" इथंच राहिलं.
बिल्टी समोर होती.
तो जरा नाराजच दिसला.

महालातून पराते काका येतात, महिन्यातून एखाद्या वेळी.
भंडाऱ्याहून निघालेली हार्मोनियमची पेटी.
नंबर नाही, गाडी नाही, तारीख "थंडीतली".
त्यांच्या प्रश्नासाठी मी काही लावलं नाही.
ठरवून नाही लावलं.
रोशनी 'वस्तू'च्या रकान्यात पेटी टाकते,
चाक फिरू लागतं,
ती उठून स्टूल पुढं करते
आणि माठातलं पाणी आणायला जाते.